एका डोळ्याचं दर्शन

आमच्या घरच्या मंडळीस,

सप्रेम नमस्कार. आशीर्वाद दिला तर तू परत पाठवशील, म्हणून नमस्कारच.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझे बंधुराज बसमध्ये घोरत होते, आता खोलीतही घोरतायत, तेव्हा त्यांची काळजी नको. डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना? पट्टी कधी काढणार म्हणाले? ऑपरेशनमुळे तुझं यायचं राहिलं आणि मला तेवढं ढकललंस, याचा राग अजून आहे.

आज मोठं देवालय पाहिलं. गाइड म्हणाला, ही भिंत हजार वर्षांची, इथे कपाळ टेकून मनातलं मागायचं. मी टेकलं. पण चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस मी! सवयीने डावा डोळा मिटला आणि भिंत ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी आहे का बघू लागलो. तसूभर फरक नाही गं! तोंडातून निघून गेलं, "शाब्बास रे पठ्ठ्या!"

मागे रांग खोळंबलेली. पहारेकरी आला नि म्हणाला, "आजोबा, मागणं मागताय की भिंत पास करताय?" सगळे हसले. बंधुराज तर ओळख नसल्यासारखे पुढे सटकले.

या गडबडीत मागायचं राहिलंच. पण मिटलेला डोळा उघडवेना. तुझी पट्टीही डावीकडेच. मग तसाच सगळं देवालय फिरलो. दोनदा पायरी चुकली, तेव्हा कळलं, तू घरात भिंत धरून का चालतेस.

उजव्या डोळ्याने सगळं पाहून झालं. डाव्याचं दर्शन शिल्लक ठेवलंय, ते तुझ्यासोबतच घेणार.

तुझाच,
भिंत पास करून आलेला