ऋषीचा मुखवटा

वैशाखरे

प्रिय दिपाली,

फोन उचलत नायस, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण वाच गो. भातसानगरला मावशीकडे कोणी सांगत आलं, की तुझ्या आबाकडून सोंग काढून घेतलं, तर त्याला सांग, साफ खोटं आहे. मी स्वतः देऊन आलो.

तुला ठाऊक आहे, गावच्या बोहाड्यात मुखवटे घालून सोंगं नाचतात, त्यात ऋषीचं सोंग आपल्या घराचं, माझ्या आज्यापासून. लहानपणी तू मुखवट्याची दाढी ओढायचीस नि मी ओरडायचो. तीस वर्षं ती दाढी लावून नाचलो. राजाने संशयापायी टाकलेली गर्भार राणी रानात रडत येते. ऋषी म्हणतो, पोरी, ही झोपडी तुझीच. बाया पदराने डोळे पुसायच्या आणि मी घरी येऊन ऐटीत भाकर खायचो.

यंदा आपल्या जावयाने, साईनाथने तुला सातव्या महिन्यात घराबाहेर काढलं. कारण तिथेही संशयच. गावकीतले चौघे ओटीवर येऊन बसले. टाकलेली लेक घरात घेतलीस तर सोंगाचा मान दुसऱ्या घरी जाईल, म्हणाले. तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी काय बोललो? बोहाडा होऊन जाऊ दे, तोवर मावशीकडे राहा. भर उन्हात तुला जीपमध्ये बसवलं. पाणीसुद्धा विचारलं नाय. तेव्हापासून तुझी आय माझ्याशी बोलत नव्हती.

बोहाड्यात जैतू राणी झाला होता. पोटाला उशी बांधून रडत आला, माझे पाय धरले. माझं वाक्य आलं, तसा मी वाजवणाऱ्याला हात केला. संबळ थांबला. मग मी मुखवटा काढला नि सगळ्यांसमोर सांगितलं, उशी बांधलेल्याला आसरा देतो नि पोटच्या पोरीला हाकलतो, असला ऋषी मी नाय! ज्याला मान पाहिजे त्याने खुशाल न्यावा. गावकीवाले वाळीत टाकू म्हणाले. टाका की! मुखवटा देवळाच्या पायरीवर ठेवला नि घरी चालत आलो.

माफ कर म्हणायलाही मला लाज वाटते. शनिवारी मी तुला न्यायला येतोय. शिव्या घाल, पण बोचकं बांधून ठेव. मुखवटा टांगायचो त्या वाशाला बाळासाठी झोळी बांधलीय. बांधताना तुझी आय मागे येऊन उभी राहिली नि महिन्याभरात पहिल्यांदा बोलली. गाठ घट्ट मारा, म्हणाली.

तुझाच, चुकलेला
आबा