तिच्या मापाचा चाकू

माय, तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि मी अजून तुझ्या सुनेचा हेवा करतो. पुरुषमाणसानं स्वतःच्या बायकोवर जळावं, तेही मासे साफ करण्यावरून, हे ऐकून तू पदरात तोंड लपवून हसली असतीस. कचेरीत लोक मला शांत, समजूतदार माणूस म्हणतात. म्हणू देत बापडे.

हिंगोली तेव्हा जिल्हा झालेली नव्हती, परभणीतच होती. वारंगा फाट्यावर ट्रक थांबतात त्या बाजूला, दोन बाभळींना ताडपत्री बांधून तू मासळी विकायचीस. धरणावरून सकाळी टोपल्या यायच्या, रोहू, कटला, नशीब असलं तर मरळ. मी शाळेतून येऊन एस.टी.तून उतरतोय आणि तू लांबूनच ओरडतेस, "तितंच थांब. कपड्याला वास लागते." माझ्यासाठी वेगळा साबण, वेगळा टॉवेल, खुंटीसुद्धा वेगळी. आठवी-नववीत असताना एकदा मी तुझा चाकू उचलून एका रोहूच्या पोटाला लावला, तर तू मनगटावर अशी चापट मारलीस की बोटं उमटली. "तुला काहून पाह्यजे हे? तुझे हात पेनासाठी हायेत." वर्गातली पोरं मला 'मासोळी' म्हणून चिडवायची, ते तुझ्या कानावर गेलं होतं, हे मला फार नंतर कळलं. पण कारण कळलं म्हणून हेवा कमी होतो, असं कुणी सांगितलं?

पुढे नोकरी लागली, लग्न झालं. तुझी सून साखऱ्याची, कोरडवाहू ज्वारीच्या गावची. तिनं जन्मात सुकटीपलीकडे मासा पाहिलेला नव्हता. पहिल्याच दिवशी टोपलीतून एक जिवंत मरळ उसळली, तर ही किंचाळत ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, चला, आता हिलाही वेगळा टॉवेल मिळणार. पण तू गेलीस, तिला हाताला धरून आणलंस आणि आपल्या शेजारी पाटावर बसवलंस. सहा महिन्यांत ती खवले काढायला लागली. वर्षभरात मणक्यालगत चाकू घालून माशाची अख्खी बाजू काट्यावेगळी करायला लागली. ढाबेवाल्यांना भज्यांसाठी तसंच बिनकाट्याचं लागायचं ना. "कापायचं न्हाई पोरी, उतरवायचं," तू म्हणायचीस आणि तिचा हात तुझ्या हातात असायचा. मी समोरच्या चहाच्या टपरीवर पेपर तोंडापुढे धरून बसायचो. त्या दिवसांतली एकही बातमी मला आठवत नाही.

खरी आग लागली ती घिसाड्याच्या पालावर. फाट्याच्या कडेला तो लोखंड तापवायचा आणि त्याची बायको घण मारायची. तू सुनेला तिचा पहिला चाकू निवडायला घेऊन निघालीस, दोघींच्या हातांना माशाचा चिकटा तसाच. सुट्टीचा दिवस होता म्हणून मीही मागे आलो. म्हणालो, अगं, हात तरी धुवा. तू वळून म्हणालीस, "कोरड्या हातात कोणता बी चाकू चांगलाच वाटते. वल्ल्या हातातून सटकला न्हाई तर तो आपला." मग तू तिला एकेक सांगत गेलीस. पातं वीतभर असावं, शेंड्याकडे निमुळतं आणि पातळ. अंगठ्यावर दाबलं की वाकलं पाहिजे आणि सोडलं की सरळ झालं पाहिजे. वाकडंच राहिलं तर खाली ठेवायचं, आणि वाकतच नसेल तर हातसुद्धा लावायचा नाही, ते मणक्यावर मांस सोडून येतं. धार नखावर टेकवून बघायची, घसरली तर बोथट. मूठ लाकडाची, तीही खरबरीत. तिनं सात-आठ चाकू चाचपले आणि त्यातला दिसायला सगळ्यांत भिकार, काळपट पात्याचा उचलला. तू घिसाड्याच्या बायकोला म्हणालीस, "पाह्यलं का? पोरगी कोणाची हाय!" मी तिथेच उभा होतो माय, इस्त्रीचा शर्ट घालून.

पुढच्या पगाराला मी नांदेडहून तुझ्यासाठी चाकू आणला. स्टीलचा, लाल मुठीचा, खोक्यातून काढला की तोंड दिसावं असा चकचकीत. दुकानदारानं दोन-चार दाखवले, त्यातला मी सर्वांत देखणा घेतला. तू पातं अंगठ्यावर दाबलंस, ते हललंसुद्धा नाही. मग माझ्याकडे पाहून गोड हसलीस. नोकरी लागल्यापासून तू मला कौतुकानं साहेब म्हणायचीस. "साहेब, लई देखणा हाय रे," म्हणालीस. त्या चाकूनं तू शेवटपर्यंत कोथिंबीर चिरलीस.

नंतर तू अंथरूण धरलंस. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात ताप उतरेना. सून धंदा उरकून घरी आली की तू तिचा हात नाकापाशी ओढायचीस. "आज कटला व्हता न्हाई?" आणि बरोबर कटलाच असायचा. मी रजा काढून दिवसभर उशाशी बसायचो, पाय चेपायचो, गोळ्या द्यायचो. माझा हात तू कधी हुंगला नाहीस. एका दुपारी मी मुकाट फाट्यावर गेलो, एक रोहू आणला, घराच्या मागे बसून दोन्ही हातांना चोळला आणि तसाच येऊन हात तुझ्या तोंडाशी नेला. सरकारी नोकरीतला, लग्न झालेला माणूस! तू मिटल्या डोळ्यांनी हुंगलंस आणि माझी बोटं घट्ट धरलीस.

"आलीस का पोरी?"

मी आहे माय, असं म्हणायला हवं होतं. मी नुसतं "हूं" केलं.

"आईक," तू म्हणालीस, "पडायच्या आधी मी घिसाड्याकडं लाकडं चिरायच्या आऱ्याचं जुनं पातं देऊन ठेवलं. तुझ्या मापाचा चाकू करून राहिला तो. तू सोता जाऊन आण. साहेबाला धाडू नको, त्याला त्यातलं काय कळते." आणि तुला हसू आलं. किती दिवसांनी हसत होतीस. मी पुन्हा "हूं" म्हणालो. त्यानंतर आठच दिवसांत तू गेलीस.

तेरावं झाल्यावर मी चाकू आणला आणि घरी नेलाच नाही. तुझ्या तोंडचा शेवटचा निरोप मला मिळाला होता, तेव्हा तो माझाच, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कचेरीच्या कपाटात, जुन्या फायलींच्या मागे ठेवला. महिन्या-दोन महिन्यांनी काढायचो, गंज धरू नये म्हणून खोबरेल तेलाचं बोट फिरवायचो. इकडे तुझी सून तोच पहिला चाकू दगडावर घासत राहिली. घासून घासून पातं करंगळीएवढं उरलं, तरी ती दुसरा घेईना. म्हणायची, आत्याबाईंनी दिलेला हाय. ते ऐकून मी आणखी जळायचो आणि कपाटाचं कुलूप ओढून पाहायचो.

परवाच्या शनिवारी एका मोठ्या कटल्याच्या मणक्यात तिचं ते पातं मोडलं. ती रडली नाही, नुसती तुकडा हातात घेऊन बसली. माझ्यानं ते बघवेना. सोमवारी मी चाकू पिशवीत घालून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. तिनं तशाच चिकट हातानं तो उचलला, अंगठ्यावर वाकवला, सोडला. मग रोहूच्या शेपटीकडून मणक्यावरून एकदाच सरकवला, तर अख्खी बाजू अलगद वेगळी झाली. मूठ तर तिच्या हातात अशी बसली होती की मला दुसरीकडे पाहावं लागलं.

"कोणी निवडला हो?" तिनं विचारलं.

तोंडाशी आलं होतं माय, अगदी तोंडाशी. मी म्हणालो, "मी."

ती खुदकन हसली. "आत्याबाई पायजे व्हत्या आज. साहेबाला कळाया लागलं म्हणल्या असत्या." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की खरं बोलायची वेळ निघून गेली.

तुझ्यापासून लपवण्यात तरी आता काय अर्थ आहे, आणि हे पत्र वाचणार कोण आहे? तुझ्या सुनेची धाकटी बहीण येत्या आठवड्यापासून फाट्यावर धंद्याला बसते आहे. आज सकाळी चहा देताना तुझी सून म्हणाली, "तिच्यासाठी बी एक असाच निवडून आणा. तुमीच आणा, मला न्हाई जमत तुमच्यासारखं." मी मान हलवून हो म्हणालो आहे. आणि माय, मला चाकू निवडता येत नाही.