बोर्डावरची मिस कमल

१२ फेब्रुवारी १९७८, रविवार
अलकाचा ताप उतरला. आधी पेज घेतली, मग भाकरी मागितली, म्हणजे बरी आहे. उद्या शाळेत धाडायला हरकत नाही.
हे सांगलीला बेअरिंग आणायला गेले होते. वर्कशॉपला सुट्टी असली तरी मालकाचं काम असतंच. आले ते हातपाय न धुताच बसले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "जत्रेच्या मैदानावर मौत का कुवा लागलाय."
"कुणाचा?"
"वस्तादचाच. फळ्याबी त्याच."
 जेवून हात धुताना म्हणाले, "बोर्डावर तुझं नाव हाय."
सुनंदा? असं विचारणार होते. मग कळलं.

१३ फेब्रु.
दुपारी घरात कोणी नव्हतं. मोठ्यानं म्हणून बघितलं. कमल. मिस कमल. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला.
लग्नात ताटातल्या तांदळात 'सुनंदा' लिहिलं, तेव्हापासून ते नाव बंद. माहेरचं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे घेणारंही कोणी नाही. पूर्वी हे घ्यायचे. वस्तादच्या कुव्यात मी उभ्या फळ्यांवर गाडी फिरवायची, हे त्या गाड्यांची इंजिनं उघडायला यायचे तेव्हा. "कमल, प्लग साफ केलाय, चालवून बघ."
आत्याबाईंनी लेकाच्या हट्टापुढं होकार दिला, पण सून घरात घेताना एक अट घातली. आता गाडीवर पुढं बसायचं न्हाई, मागं बसायचं. बसते. ह्यांच्या राजदूत मोटरसायकलवर, एका बाजूला पाय सोडून. भीती फक्त तिथंच वाटते मला, हे कुणाला सांगितलं तर हसतील.

१५ फेब्रु.
आ.बाईंबरोबर सांगलीला. त्यांना चुना, काथ आणि एक तांब्या घ्यायचा होता. मैदानावरून जायची गरज नव्हती, गेलो.
कुवा लहान वाटला. पूर्वी केवढा वाटायचा. फळ्या काळ्या पडल्यात, एका बाजूला पत्रा ठोकलाय. वर बोर्ड. 'पुन्हा आली! तीच मिस कमल!' खाली गाडीवर मी. जुनंच चित्र, वरून रंग दिलाय, कानात झुबे वाढवलेत.
आ.बाई बराच वेळ मान वर करून बघत होत्या. म्हणाल्या, "नाक बरुबर काढलंया."
 येताना बसमध्ये झोपल्या.

१८ फेब्रु.
गावाहून थोरले दीर आले. विट्याला बाजाराला आलो होतो म्हणाले, पण विट्याहून इथं कुपवाडला कोणी बाजारावरून येत नाही. चहा घेतला नाही.
"महादू, भावकीत काय बोलत्यात ठावं हाय का? तुझी बायको परत कुव्यात फिराय लागली म्हणत्यात. बोर्डावर फोटूबी हाय म्हणं."
हे म्हणाले, "ती घरातच हाय की. बघा, समोर बसलीया."
"मला दिसतंय रं. गावाला कसं दाखवू? त्यो बोर्ड उतरवा. न्हाईतर जत्रंला गावाकडं येऊ नका."
आ.बाई आत पान कुटत होत्या. कुटणं थांबलं, मग परत सुरू.
उद्या जायचं ठरलं.

१९ फेब्रु. रवि.
वस्ताद म्हातारे झाले. एका डोळ्यात मोतीबिंदू. मला बघून उठले, डोक्यावर हात ठेवला. "बेटी, जाड झालीस." ह्यांना म्हणाले, "महादेव, आलायस तर दोन नंबर गाडीची चेन बघ." जणू आम्ही कालच गेलो होतो.
मी बोर्डाचं काढलं. वस्ताद रागावले नाहीत.
"नाव काढू कसं? पब्लिक आल्या आल्या विचारतं, कमल हाय का? हाय म्हटलं की तिकीट घेतं. ह्या धंद्यात आता दुसरं उरलंय काय?"
"पण नाव माझं आहे."
"तू टाकून गेलीस बेटी. पडलं होतं, पोरीनं उचललं."
 
मग म्हणाले, खेळ बघून जा. वर माच्यावर उभी राहिले, पब्लिकमध्ये. वरून कधी बघितलाच नव्हता. मुलगी आली, काळी, बारीक, वीसेक वर्षांची. गाडी तळाच्या ढाळावर घेतली, फळीवर चढवली, वर आली. हात सोडले. मग दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसली, मी बसते तशी राजदूतवर, आणि लोकांच्या हातातल्या नोटा घेत गेली. असं मला कधी जमलं नाही.
मला बरं वाटलं नाही. लिहून ठेवते, खोटं कशाला.
हे खेळाकडं बघतच नव्हते. फळ्यांचे बोल्ट बघत होते. गाडी गेली की पश्चिमेची एक फळी दबते म्हणाले.

२१ फेब्रु.
हे वर्कशॉपमधून थेट मैदानावर. उशिरा आले, नखांत ग्रीस. आ.बाईंनी विचारलं, कुठं व्हतास. "फळी बदलायची व्हती."
"बोर्ड उतरवाय गेलतास न्हवं?"
"आधी फळी."

२२ फेब्रु.
दुपारी दारात ती मुलगी. साधी साडी, हातात केळी. "अक्का, मी कुव्यातली." शेजारच्या मालूताई नळावरून वळून वळून बघत होत्या. आत घेतलं, दार लोटलं.
जतकडची. खरं नाव मायाक्का. घरची मेंढरं होती, दुष्काळात गेली. वस्तादच्या तंबूत भाकऱ्या थापायला राहिली, तिथून गाडीवर.
"तुमी रागावलाय?"
"नावाचं म्हणतेस?"
"व्हय. मला कुणी इचारलंच न्हाई. वस्ताद म्हणलं, आजपासनं तू कमल."
पण ती त्यासाठी आली नव्हती. शेवटच्या दिवशी डोळ्यांना पट्टी बांधून खेळ करायचाय. लोक मागतात. मिस कमल पट्टी बांधून फिरायची हे सगळ्यांच्या ध्यानात आहे, वस्तादनी भोंग्यावर सांगूनही टाकलंय. रोज सकाळी सराव करते म्हणाली. पदर सारून कोपर दाखवलं, सोललेलं. "थोडं फेरं हुत्यात, मग कुठं हाय त्येच कळत न्हाई. तुमी कसं करत व्हता?"
"पट्टी कसली वापरतेस?"
कमरेची काढून दिली. मांजरपाट, काळा रंगवलेला, घडीवर घडी. माझ्या डोळ्यांना लावून बघितली. ठार अंधार.
मला हसू आलं. मग तिचं सोललेलं कोपर परत बघितलं.
माझी पट्टी मलमलीची होती. कडांना घड्या, मधे एकच पदर. सगळं दिसायचं. चाक जिच्यापुढं न्यायचं नाही ती वरची तांबडी रेघ दिसायची, लोकांचे दातसुद्धा दिसायचे. सांगितलं तिला.
"वस्तादबी असंच म्हणलं. मला वाटलं, पोरगी पडंल म्हणून सोपं सांगत्यात."
"खरंच सांगतात."
"म्हंजे तुमी कवाच केलं न्हाई?"
"नाही."
केळी तशीच मधे पडलेली. ती नखानं जमीन उकरत बसली. मला वाटलं, रडते की काय. मान वर केली तर डोळे चकाकत होते.
"मग अक्का, मी केलं तर पयली मीच?"

२३ फेब्रु.
भाजी करपली.

२४ फेब्रु.
ह्यांना म्हटलं, तिला समजवा. म्हणाले, "तुला कुणी समजावलं असतं का तवा?" मी म्हटलं मी खोटं करत होते. "फळी तर खरी व्हती," म्हणाले.
जुन्या साडीची मलमल काढून पट्टी शिवली. अलकानं विचारलं, बाहुलीला का? हो म्हटलं.

२६ फेब्रु. रवि.
सकाळीच मैदानावर. आ.बाई निघताना म्हणाल्या मीबी येती, अलकाला शेजारी ठेव. 
कुव्यात आम्हीच. मायाक्कानं माझी मलमल बांधली, वर जाऊन आली. खाली आल्यावर पट्टी माझ्या हातात ठेवली. "अक्का, ही फसवणूक हाय."
वस्ताद म्हणाले, "ही जत्रा हाय." कोणीच हसलं नाही.
मग ती म्हणाली, "तुमी बसा की एकदा. मी तुमास्नी बघितलंच न्हाई."
मी वर बघितलं. आ.बाई माच्यावर, वायररोप दोन्ही हातांनी धरून. अट त्यांची. त्याही माझ्याकडंच बघत होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतीस? अट घरातली हाय. हितं घर कुठं हाय?"
पदर खोचला. इंजिन गार होतं, ढाळावर दोनदा बंद पडलं. ह्यांनी किक मारून दिली. मग ढाळावरून फळीवर. पोट पाठीला लागतं, गाल खाली ओढतात, ते सगळं विसरले होते. अंग विसरलं नव्हतं. तांबड्या रेघेपर्यंत गेले नाही. नव्या फळीवरून चाक गेलं की टक् असा आवाज, दर फेऱ्याला.
उतरले, खोचलेला पदर सोडला. आ.बाई वरून, "झालं समाधान? चहा गार व्हतोय."
हे माझ्याकडं पाठ करून एक बोल्ट आवळत होते. तो घट्टच होता.
मायाक्कानं जवळ येऊन हळू विचारलं, "टक् ऐकलं का? महादेवभाऊंनी नवी फळी घातल्यापासनं मला कळतंय, फेरा कुठं झाला त्ये. आता वाट चुकत न्हाई." म्हणजे मी तिला थांबवायला गेले आणि हे आधीच वाट दाखवून बसलेत. नकळत.

१ मार्च
दंड, खांदे दुखतात. आ.बाईंनी न विचारता तेल गरम करून दिलं.

३ मार्च
मालूताई नळावर, "सुनंदाताई, परवाच्या दिवशी त्या कुव्यातल्या बाईचा पट्टीचा खेळ हाय. येताय का? लय धीट बाई हाय म्हणं." बघू म्हटलं.
झोप नीट नाही. पोरगी पडली तर...

५ मार्च, रविवार
लोक माच्यावर मावेनात. ह्यांनी आज वर येऊ दिलं नाही कुणाला जास्त, माचा तपासत होते. आ.बाई, अलका, मालूताई एका कडेला. मी खाली, कुव्यात.
वस्ताद भोंग्यावर. "तीच मिस कमल! तीच पट्टी!" आवाज फुटत होता. त्यांचे हात थरथरतात म्हणून पट्टी मी बांधावी असं मायाक्कानं सांगितलेलं.
तिनं मांजरपाट पुढं केला. माझ्या पिशवीत मलमल होती. तिची पाठ माझ्याकडं, डोळे मिटलेले, मी कुठली बांधते ते तिला गाठ बसेस्तोवर कळलं नसतं. पिशवीत हात घातला होता. वस्तादनी ते बघितलं, तोंड फिरवलं.
हात बाहेर काढला. मांजरपाट बांधला. दोन गाठी. डोळ्यांपुढं बोटं हलवली, तिला काही कळलं नाही.
"घट्ट हाय?"
"आहे."
"अक्का, हात काढा आता."
दारातून बाहेर आले नाही, तिथंच फळीला टेकून उभी राहिले. गाडी चढली. टक्. मग परत टक्. लोक ओरडत होते, म्हणून ते टक् मला कधी ऐकू यायचं, कधी नाही. तिला येत होतं का? एकदा चाक तांबड्या रेघेवर गेलं, वरचे लोक एकदम मागं सरले, कोणीतरी किंचाळलं. बहुतेक आ.बाई. मग चाक खाली आलं. थोडं, मग आणखी. ढाळावर उतरली, गाडी आडवी झाली, ती उभी.
"कमल! कमल!" अख्खा कुवा ओरडत होता. इतक्या वर्षांनी एवढ्या लोकांनी माझं नाव घेतलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. वाईट वाटलं नाही. आश्चर्य वाटलं की वाईट वाटलं नाही.
बाहेर मालूताईंनी हात धरला, "बाई हाय का वाघीण?" वाघीण म्हटलं.
खेळ संपल्यावर तंबूत वस्ताद, ती, आम्ही दोघं. ती म्हणाली, आता बोर्डावर माझं नाव लिवा.
"मायाक्काला बघाय कोण येणार?"
"आज आली तीच माणसं."
"ती कमलला आली व्हती, पोरी."
दोघांचंही बरोबर. वस्ताद माझ्याकडं वळले, "तूच सांग, बेटी."
"माझं मला द्या," म्हटलं, "तिचं तिला."
वस्तादनी डोळा पुसला, मोतीबिंदूचा. "पुढला मुक्काम कऱ्हाडला, पेंटरबी तितंच हाय. तितं बघू."

८ मार्च
मैदान रिकामं. कुवा होता तिथं मातीत गोल वण. मायाक्का जाताना भेटायला आली नाही, ट्रक पहाटेच निघाले म्हणे.
थोरले दीर आले. "बोर्ड उतरला का?"
हे म्हणाले, "उतरला."
खूश झाले. आज चहा घेतला, वर अलकाच्या हातावर खाऊ ठेवला. जत्रेला सगळ्यांनी यायचं, असं बजावून गेले.
ते गेल्यावर आ.बाई पान जुळवत म्हणाल्या, "कऱ्हाडच्या बोर्डावर काय लिवलं आसंल गं?"
काय ठाऊक, म्हटलं.
"बघून याय पायजे."
"तुम्हीच या जाऊन ह्यांच्याबरोबर."
"मला कुठं वाचाय येतंय? आन् त्यो काय, बोल्टच बघत बसंल."
हे दाराशी राजदूत पुसत होते. ऐकत होते, हात थांबला होता. म्हणाले, "येत्या रविवारी सुट्टी हाय." मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, "जाताना रस्ता मोकळा असतोय. पुढं कुणीबी बसलं तरी चालंल."
आ.बाईंनी पानाला चुना लावला, तोंडात घातलं. तोंड भरलेलं असलं की त्या हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत.