रुकय्याच्या खोलीतला गुरुवार

सिल्वासा, २९ डिसेंबर १९९२

प्रिय आईस,
प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही दोघं खुशाल आहोत. नाताळ साधाच केला. पपांचा खोकला कसा आहे?

सुरतेच्या दंगलीतून पळून आलेली रुकय्या सासूसोबत आमच्या चाळीत राहते. दर गुरुवारी जमून गीतं गाणारा आमचा प्रार्थनागट तिला डाळभात नेऊन देई. ती दार किलकिलं करून पातेलं घ्यायची, बोलायची नाही. एकदा मात्र म्हणाली, "दीदी, मेरे आदमी को ढूँढो. हमारा कोई उधर जा नहीं सकता."

गटातलं कुणी जायला तयार होईना. शेवटी हे सुरतेला गेले. तुला आधी कळवलं नाही, रागावू नकोस. तिथल्या दवाखान्यात प्रेतांमध्ये तो सापडला.

तिला सांगायला मीच गेले. ती रडलीच नाही. म्हातारीने माझा हात धरला. "तुम लोग गाते हो ना? कुछ गाओ, बेटी." मला गाता आलं नाही, मी तिच्याशेजारी बसले.

मग चाळीच्या घरमालकाने धमकावलं, यांना मदत करणाऱ्यांनी खोल्या सोडाव्यात; त्या धाकाने गेल्या गुरुवारी, नाताळच्या आदल्या दिवशी, गटातलं कुणी आलं नाही. आम्ही दोघं रुकय्याच्या खोलीत गेलो आणि चौघं नुसते बसून राहिलो.

त्या दवाखान्यातून आल्यापासून यांना जेवण जात नाही. यांच्यासाठी प्रार्थना कर.

तुझी,
करुणा