डाव्या बाजूचा उजेड

४ जून

चि. भुंगीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबाच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुला कळलंच असेल. मी दुकान आवरायला घेतलं आहे. एकतीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता डोळे दगा देतात.

गेल्या आठवड्यात दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या. त्यांच्या आईचं घड्याळ, आई गेल्यापासून बंद. दोन गल्ल्या पलीकडच्या घड्याळजीने हात टेकले होते. उघडून पाहिलं तर आतल्या हेअरस्प्रिंगचे, म्हणजे त्या केसासारख्या बारीक गुंडाळीचे, दोन वेढे एकमेकांत अडकलेले. भिंग लावून चिमटा नेला, तर मला दोनाच्या जागी चार वेढे दिसायला लागले! तीनदा बसले, तीनदा उठले. मग गुपचूप झाकण लावून ठेवलं.

उजेड कमी म्हणशील, तर तसंही नाही. शेजारच्यांनी दोन मजले चढवल्यापासून डावीकडची खिडकी असून नसल्यासारखी आहे खरी. पण मी डोक्यावर मोठा दिवा लावला, मग त्याहून मोठा. आता दारात येणारा माणूस आधी डोळ्यांवर हात धरतो. दिव्याने काय होणार गं, साठी आली.

सिस्टरना महिनाअखेरीला घड्याळ तसंच परत देईन. टेबल सुतार न्यायला तयार आहे. तू जिवाला लावून घेऊ नकोस, जेवत जा.
तुझी आत्या

८ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घड्याळ परत द्यायचं नाही. टेबलाला सुताराने हात लावला तर मी पहिल्या गाडीने येऊन त्यावर झोपेन.

आधी डोळे तपासून घे. मग माझं ऐक. रंगमंचावर उजेड पाडून मी पोट भरते, हे बाबांना अजून पटलं नसलं तरी तुला पटलेलं आहे. आमच्याकडे नवशिका आला की दिवा नटाच्या बरोब्बर डोक्यावर टांगतो. नटाचे डोळे म्हणजे दोन काळे खड्डे दिसतात. याला वाटतं उजेड कमी पडला, म्हणून आणखी मोठा दिवा. खड्डे आणखी काळे!

तुझंही तेच झालंय. तू वाकलीस की तुझं डोकं दिव्याच्या आड येतं, आणि जो उजेड पोचतो तो इतका धारदार की प्रत्येक वेढ्याची खाली काळी सावली पडते. तुझ्या त्या चार वेढ्यांतले दोन खरे होते, आत्या. उरलेले दोन सावल्या. इतकी वर्षं खिडकी तुला डावीकडून मऊ उजेड देत होती. ती गेली, आणि तू बिचाऱ्या डोळ्यांना बोल लावलास.

लांबट ट्यूब घे, दिवसासारखी पांढरी. डावीकडे, टेबलाच्या जवळ, खाली लाव. खोलीतला साधा दिवाही चालू असू दे. रागावलीस तरी चालेल, पण करून बघ.
तुझी भुंगी

१५ जून

चि. भुंगीस,
आशीर्वाद. (राग आहेच.)

डोळे तपासले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चष्म्याचा नंबर किंचित बदललाय, बाकी वयाच्या मानाने उत्तम. मी त्यांच्याशीच वाद घातला, की मग मला दिसत का नाही.

ट्यूब आणून डावीकडे लावली. सावली हलली, पण पोलादाचा प्रत्येक तुकडा असा लखलखला की डोळ्यांत पाणी आलं. चिमटा सटकला आणि एक स्क्रू उडाला. तासभर मी टेबलाखाली रांगत होते, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं. स्क्रू सापडला, अब्रू काही सापडली नाही. तुझी नाटकातली युक्ती नाटकातच बरी, असं वाटायला लागलंय. निम्मा महिना सरलासुद्धा.
तुझी आत्या

१९ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चूक माझी. ट्यूब उघडी ठेवायची नाही, हे लिहायचंच राहिलं. सोबत दुधी प्लास्टिकचा पत्रा पाठवते आहे, तो ट्यूबसमोर बसव. दिवा तुझ्या हनुवटीपेक्षा वर नको. बसल्यावर तो तुझ्या डोळ्यांना दिसताच कामा नये. टेबलाच्या काचेवर न चमकणारा फिकट कागद पसर. उजवीकडे दुसरा दिवा हवा, पण अगदी मंद.

मग टेबलावर एक पेन्सिल उभी धर. सावली काळी, रेखीव पडली तर अजून जमलं नाही. पुसट, मऊ पडली तर बस कामाला. स्क्रूबद्दल बाबांना सांगितलेलं नाही. म्हणजे, थोडंसंच सांगितलं.
तुझी भुंगी

२९ जून

चि. भुंगीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद!

गुरुवारी सकाळी पत्रा बसवला. पेन्सिल धरली, तर सावली आहे की नाही इतकी पुसट. अकरा वाजता बसले. भिंग लावलं, आणि भुंगे, काय सांगू! एकेक वेढा सुटा, स्वच्छ. अडकलेली जागा मला अशी दिसली जशी शाळेतल्या फळ्यावर कुणी काढून दाखवावी. पावणेतीन तास लागले. चिमटा एकदाही सटकला नाही. शेवटचा वेढा सुटला, चक्र हललं, आणि मी अशी ओरडले की शेजारचा शिंपी कात्री घेऊनच धावत आला.

त्यानेच गावभर केलं असणार, कारण शुक्रवारी दोन गल्ल्या पलीकडचा घड्याळजी आला. सहज म्हणे. माझ्या खुर्चीत बसला, भिंगातून बराच वेळ पाहिलं, आणि उठताना हळूच विचारलं की हा दुधी पत्रा कुठे मिळतो. मी म्हटलं, माझ्या भाचीला विचारावं लागेल, ती फार मोठी माणूस आहे. सुतारालाही निरोप धाडला आहे: टेबल हलणार नाही, दिव्याला लाकडी हात मात्र करून दे.

काल सिस्टर आल्या. घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, डोळे मिटले. मग माझं मनगट धरलं आणि सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण मिनिटभर माझी नाडी मोजली. त्यांची आईसुद्धा नर्स होती आणि याच घड्याळावर नाड्या मोजायची, हे मला तेव्हा कळलं. मग म्हणाल्या, घड्याळ अगदी बरोबर चालतंय, तुम्हीच फार जोरात धावताय.

खरंच धावतेय गं.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी घड्याळवाली आत्या