माझं कॉर्टिसॉल

५ जानेवारी, सोमवार
मला डिप्रेशन आहे, पण माइल्ड. दोन महिने फॅक्टरीत गेलो नाही, ते थंडीमुळे. माझ्यासारख्या प्रॉडक्शन मॅनेजरला घरूनही लक्ष ठेवता येतं.
गोळी सुरू होऊन दीड महिना झाला. आज डॉ. शेखावत म्हणाले, प्रसन्नजी, कॉर्टिसॉल म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन. उठल्यावर चढतं, संध्याकाळपर्यंत उतरतं. गोळीने काहींची ही लय बदलते. तुमची बघू. तीन दिवस लाळेचे नमुने द्यायचे: उठल्या उठल्या, अर्ध्या तासाने आणि संध्याकाळी. आधी चहा नाही, ब्रश नाही.
संकल्प: जयपूरमधला सर्वांत शिस्तबद्ध पेशंट व्हायचं. अलार्म ५.३०.

६ जानेवारी, स. ११.४०
अलार्म वाजला नसावा. कौमुदी म्हणते, तीनदा वाजला, तिनेच बंद केला. बायकोला अलार्मचं गांभीर्य नाही.
चहानंतर आठवलं. उद्यापासून.

७ जानेवारी
बाहेर सहा डिग्री. रजईत शांतपणे विचार केला. नमुन्याची वेळ महत्त्वाची. कौमुदी तशीही पाचला उठते. भार्गवीचा डबा, स्कूल व्हॅन, मग तिची बँक. आम्ही एकच पाणी पितो, एकच खिचडी खातो. असा कितीसा फरक पडणार?
कौमुदी म्हणाली, "प्रसन्न, हे चूक आहे." मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "आण ती नळी इकडे. व्हॅन येईल."

८ जानेवारी
वेळा अचूक. नळ्या फ्रिजमध्ये, लोणच्याशेजारी. भार्गवीने विचारलं, "बाबा, ममाची थूक, मग नाव तुमचं क्यूं?" टीमवर्क समजावलं.
दुसऱ्या नळीच्या वेळी कौमुदी ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपली होती. मी रजईतून हाका मारल्या म्हणून निभावलं.

९ जानेवारी
नऊच्या नऊ नळ्या पूर्ण. थकलो. सोमवारपासून फॅक्टरी.

१२ जानेवारी, सोमवार
फॅक्टरीच्या वाटेवर झोटवाड्यापर्यंत गेलो. फार ट्रॅफिक. परत आलो.

१९ जानेवारी
रिपोर्ट. कौमुदी सोबत होती, कारण गाडी तीच चालवते.
डॉक्टर बराच वेळ ग्राफ बघत राहिले. सकाळी चढ नाही, संध्याकाळी उतार नाही. सपाट. म्हणाले, नुसत्या आकड्यांवरून मी काही ठरवत नाही, पण प्रसन्नजी, आप सोते कब हो? घर का सारा बोझ आप पर है क्या?
मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात कौमुदीकडे लक्ष गेलं. ती आरशात बघावं तशी त्या ग्राफकडे बघत होती.
मग मी खरं ते सांगितलं.
डॉक्टर रागावले नाहीत. खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं, और आप कैसी हैं?
ती म्हणाली, "ठीक." आणि रडायला लागली. नोव्हेंबरपासून तिला झोप नाही. रात्रीतून दोन-तीनदा उठून माझा श्वास चालू आहे ना, ते बघते म्हणे. मला कल्पना नव्हती. मी झोपलेलो असायचो.
पुढच्या सोमवारी दोघांना बोलावलंय.

२० जानेवारी, स. ८.३०
पाचला उठलो. कौमुदीला उठवलं नाही. डबा मी केला. भाजी कच्ची राहिली, व्हॅन चुकली. माझी पँट सापडेना म्हणून मी पायजम्यातच भार्गवीला ऑटोने शाळेत सोडलं.
गेटवर चौकीदाराने तिला विचारलं, ये कौन हैं?
भार्गवीने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. थोडा विचार केला.
म्हणाली, पापा हैं.