आईचं तिकीट

कर्नी, नेब्रास्का
११ ऑक्टोबर

प्रिय लॉवेल,

तू, जनेल आणि मुलं मजेत असाल. आम्ही ठीक आहोत. कोल्बीचा पुढचा दात पडला आणि तो दिवसभर शिट्टी मारत फिरतो. टेसला शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट मिळाला, त्यामुळे शेजारचे आमच्याशी जरा तुटकच वागतात. मी काम करते त्या दवाखान्यात नवीन डेंटिस्ट आलाय. पेशंटपेक्षा तोच जास्त घाबरतो, त्याला धीर द्यायचं कामही आता माझ्याकडेच आहे.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस. आई फोन उचलत नाही म्हणून तू तीन निरोप ठेवलेस. आई सुखरूप आहे. मिंडनच्या घरी मात्र नाहीये. सांगते.

ईस्टरच्या जेवणाला तू काय म्हणालास ते आठवतं? "मार्लिस, क्रेडिट कार्डांचा पुरा कॅट जमला की सांग, जुगाराला बसू." सगळे हसले. जनेल म्हणाली, "बँका काय खुळ्या आहेत, फुकट फिरवायला?" मी बटाट्याचं भांडं पुढे सरकवलं. आज बोलते. बँका खुळ्या नाहीत आणि मीही नाही. किराणा, गाडीचे टायर, पोरांचे चष्मे, जे एरवी घ्यायचंच होतं तेवढंच मी कार्डावर घेतलं आणि बिल आलं की पुरतं भरलं. व्याजाचा एक डॉलर कुणाला दिला नाही. नवीन कार्ड घेतलं की बँक भरघोस पॉइंट देते, त्यांवर विमानाची तिकिटं मिळतात; ते साठवले. घटस्फोटानंतर दोन पोरांना घेऊन गावाजवळच्या तलावापलीकडे कुठे जाणं मला पगारात जमलं नसतं. पॉइंटांवर जमलं. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

आणि आईला समुद्र कुणी दाखवला? बाबा चांगले होते, पण हार्डवेअरचं दुकान त्यांच्याने एक आठवडा बंद ठेवलं गेलं नाही. दर वर्षी "पुढच्या उन्हाळ्यात." असे उन्हाळे संपता संपता बाबाच गेले. तू तिला दर नाताळात गरम गाऊन पाठवायचास. तिच्याकडे गाऊनचं एक कपाट भरलंय, लॉवेल.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी आम्हा चौघांना अलास्काला नेलं, सिट्काला. चारही तिकिटं पॉइंटांची. विमानात खिडकीच्या जागेसाठी आईने कोल्बीशी चक्क भांडण केलं आणि जिंकली. उतरलो होतो तिथे न्याहारीला धुरी दिलेला सामन मासा असायचा. तो आणून द्यायचा एक म्हातारा, आयनार लुंड. आधी मासेमारी करायचा, आता घरामागे धुरीघर चालवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झालीत. त्याने आईला विचारलं, "कसा झालाय?"

आई म्हणाली, "खारट."

"चाळीस वर्षांत कुणी खारट म्हटलं नाही!"

"मग चाळीस वर्षं लोक तुमचा मान राखत होते."

तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. दुसऱ्या दिवशी कमी मिठाचा तुकडा घेऊन आला. तिसऱ्या दिवशी आई न्याहारीआधी केस विंचरून, लिपस्टिक लावून बसली होती. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. परत आल्यावर दर रविवारी तिचा फोन तासभर लागत नाही म्हणून तू कुरकुरायचास. तुला वाटायचं, चर्चमधली मैत्रीण. तो आयनार होता.

आता या ऑगस्टचं. तू ओमाहाहून त्या वृद्धनिवासाचे रंगीत कागद घेऊन आलास. आई तुझ्यासाठी कॉफी करत उभी होती आणि तू मला सांगत होतास, "तिला आता जिने झेपत नाहीत. तिला एकटं वाटतं. तिचं घर वसंतात विकायला काढू." ती तिथेच होती, लॉवेल. दोन हातांवर. तू एकदाही तिच्याकडे वळून बोलला नाहीस. तुझा जीव आहे तिच्यावर, ठाऊक आहे मला. म्हणूनच जास्त राग आला.

तुझी गाडी वळल्यावर तिने कप धुतले आणि म्हणाली, "मार्लिस, तुझ्या त्या पॉइंटांत अजून एक माणूस बसेल?"

"कुठे जायला?"

"उगाच विचारू नकोस."

"बरं. परतीचं कधीचं काढू?"

तिने ओटा पुसला. मग पुसलेलाच ओटा परत पुसला. "परतीचं राहू दे."

पॉइंटांच्या तिकिटात एक सोय असते: जाण्याचं आणि येण्याचं वेगवेगळं काढता येतं. नुसतं जाण्याचं काढलं तर निम्मेच पॉइंट लागतात, दंड पडत नाही. मी सिट्काला जाण्याचं काढलं. हेच तुला सांगायचं होतं आणि दोन पानं झाली तरी टाळत होते.

ओमाहाच्या विमानतळावर मीच तिला सोडलं. तुझ्या घरापासून वीस मिनिटांवर होतो आणि तुला कळवलं नाही. तिनेच बजावलं होतं, "मी पोहोचल्यावर सांग. आधी सांगितलंस तर तो येईल, आणि तो रडला तर मी जाणार नाही." तपासणीत तिच्या हातातल्या पिशवीतून बिडाचा तवा निघाला. तिथली पोरगी म्हणाली, "आजी, हा विमानात हातात नाही नेता येणार."

"मग त्या माणसाच्या फडतूस पातळ तव्यात मी अंडी करू?"

आम्ही मागे फिरलो, तवा खोक्यात बांधून सामानात दिला. त्याचेही पैसे पडले नाहीत. माझ्या कार्डावर सामानाचा पहिला डाग फुकट जातो. जनेलला आवर्जून सांग.

तू म्हणशील, मी तिला पळवलं. नाही. मी तिकीट काढलं, विमानात ती आपल्या पायांनी चढली. तू म्हणशील, लोक काय म्हणतील. मिंडनमध्ये म्हणायला सुरुवातही झाली आहे. चर्चच्या दारात एकीने मला विचारलं, "आईचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "आत्ता कुठे आलंय."

गुलाबी चित्र रंगवत नाही. आयनारच्या घरालाही जिना आहे, तिचा गुडघा दुखतोच. तिथला पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पहिल्या आठवड्यात एकदा फोनवर रडली, म्हणाली तिथल्या दुकानात साधा बरा टोमॅटो मिळत नाही. टोमॅटोसाठी रडत नव्हती, ते मला कळलं. मी विचारलं, "परत येतेस? आज तिकीट काढते." म्हणाली, "वेडी आहेस का? संध्याकाळी आम्ही बोटीवर चाललोय." घर तिच्या नावावर आहे आणि ते ती विकणार नाहीये, निदान तुझ्या वसंतात तरी नाही.

आणि एक. ती तुझ्या घरापासून तीन तासांवर होती, माझ्या घरापासून पंचवीस मिनिटांवर. शाळा सुटल्यावर माझी पोरं तिच्याकडे असायची. माझी कामावरून यायची वेळ टळली तर जेवण तिच्या ओव्हनमध्ये असायचं. आता कोल्बी किल्ली गळ्यात घालून घरी येतो आणि मी दवाखान्यातून त्याला फोन करते. तिला ठेवून घ्यायचं असतं तर सर्वांत जास्त कारण मला होतं. "पॉइंट संपले" एवढं म्हटलं असतं तरी तिने मुकाट्याने गाऊन घातला असता. मी ते म्हटलं नाही. आयुष्यात मी केलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत बरी वाटते आणि त्याबद्दल मी तुझ्याकडे माफी मागणार नाही. येत्या ईस्टरला नाही, त्यापुढच्याही नाही.

नाताळात मुलांना घेऊन मी तिकडे जाणार आहे. तुला आणि जनेलला पुरतील एवढे पॉइंट माझ्याकडे उरलेत. हवे असतील तर सांग, बोलून दाखवणार नाही. फक्त ते रंगीत कागद घरी ठेवून ये. तिला फोन कर, नंबर तोच आहे, आता ती उचलेल. वेळ आपल्यापेक्षा तीन तास मागे आहे, भल्या सकाळी उठवू नकोस. दुसऱ्या कुणी उचलला तर ठेवून देऊ नकोस. त्याचं नाव आयनार. त्याला नावाने हाक मार.

तुझ्यावर अजूनही जीव असलेली, आणि तसूभरही न पस्तावलेली तुझी बहीण,
मार्लिस